तुरीच्या दाण्याएवढं मलम

कळंबच्या एस.टी. स्टँडसमोरच्या मेडिकलात मी बारा वर्षं काउंटर सांभाळला. अशा दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस आजार घेऊन येतो, मागोमाग अख्खं घर येतं. त्यात ऐंशीच्या सुमाराला, दुष्काळ चालू असताना, पिंपल्सचं नवं मलम आलं. आम्ही हसायचो खरं, पण चेहऱ्याची लाज काय असते ते मला ठाऊक होतं. माझे गाल अजून साक्षीला आहेत.

*

दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, सोलापूरहून त्वचेचे डॉक्टर यायचे आणि दुकानामागच्या खोलीत बसायचे. ते पहिल्याच पेशंटला म्हणाले, "हे अ जीवनसत्त्वापासून केलेलं मलम. रात्री तोंड धुवा, कोरडं होऊ द्या, मग वाटाण्याएवढं लावा."

"वाटाणा केवढा आसतो, सायेब?"

डॉक्टरांनी विचार केला. "बरं, तुरीच्या दाण्याएवढं."

पुढच्या सोमवारी पठ्ठ्या हजर. तोंड लालबुंद, ट्यूब रिकामी!

"अहो, एवढ्यात संपली?"

"तुमीच म्हनला की! येका पिंपलला येक दाना!"

*

तेव्हापासून मी प्रत्येक ट्यूबबरोबर पुडीत तुरीचा एक दाणा द्यायला लागलो. सगळ्या तोंडाला मिळून एवढंच, असं मापच हातात दिलेलं बरं.

आठवड्याने एक आजोबा आले. नातीसाठी ट्यूब त्यांनीच नेली होती.

"मलम चांगलं हाय. पर तुमची ती गोळी लई कडक. पोरीला चावंना, मग पान्यासंगं गिळली."

*

या मलमाने कातडी नाजूक होते, म्हणून ऊन टाळायचं, सावलीत राहायचं. डॉक्टरांनी हे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरच्या एका गड्याला सांगितलं.

तो म्हणाला, "सायेब, तितं झाड आसतं तर तळं कशाला खांदलं आसतं?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग डोळ्यांपर्यंत उपरणं बांधा."

त्याचं बघून सगळ्या टोळीनेच तोंडं बांधली. पुढच्या सोमवारी मुकादम डॉक्टरांकडे हजर. "हजेरी कुनाची लावू? समदे येकच दिसायलेत!"

*

आमच्याकडच्या दूध सोसायटीच्या सेक्रेटरींना आग सोसेना. डॉक्टर म्हणाले, "रोज नको, एक दिवसाआड लावा."

महिन्याने आले तरी तक्रार तीच.

"एक दिवसाआडच लावता ना?"

"व्हय तर! आज डावा गाल, उद्या उजवा. सोसायटीत कुनावर अन्याय करून चालत न्हाय!"

*

आता सुनंदाचं सांगतो. दहावी झालेली, हुशार पोरगी, पण पिंपल्सपायी दोन वर्षं कुणाच्या लग्नालासुद्धा गेली नव्हती. मलम सुरू करतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "आधी बिघडल्यासारखं वाटेल. धीर सोडू नका."

तिसऱ्या आठवड्यात चेहरा लाल झाला, सालं निघायला लागली. नेमके त्याच रविवारी परंड्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. आई तिला घेऊन सोमवारी तडक दुकानात आली.

"दादा, पोरीचं तोंड सोललं की वो! पाव्हनं काय म्हनतील? बंदच करते मी हे!"

डॉक्टर म्हणाले, "मलम चार दिवस थांबवलंत तरी चालेल."

सुनंदा हळूच म्हणाली, "म्या थांबनार न्हाय. आन् पावडर बी लावनार न्हाय. बघायचं तर आसंच बघू द्या."

ट्यूब मीच दिली होती. हे स्थळ मोडलं असतं तर पोरगी पुन्हा घरात कोंडून बसली असती.

पुढच्या सोमवारी आई आली आणि तिने काउंटरला टेकून सगळं सांगितलं. सुनंदा चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगा खाली मान घालून बसलेला. त्याचे मामा म्हणाले, "इचार की काय इचारायचं ते!"

त्याने मान वर केली. त्याचंही तोंड लाल, हनुवटीची सालं निघालेली!

सुनंदाकडे बघत त्याने विचारलं, "कितवा आठवडा?"

"तिसरा. तुमचा?"

"पाचवा. चौथ्यानंतर आग कमी व्हते."