चूळ भरून शिकलेली वाइन

आमच्या हुलसूरच्या शेतात यंदा ऊस मोडून वाइनची द्राक्षं लावायची, असं धाकट्या भावानं, बालाजीनं, संक्रांतीनंतर सांगितलं. शेत दोघांच्या नावावर आहे आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दारूसाठी पीक घ्यायला मी तयार नव्हतो.

"मग माझी वाटणी दे, आण्णा," तो म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, म्हणून ते खरं वाटलं.

बिदरजवळ, जनवाड्याच्या पुढं, एका द्राक्षमळ्यात वाइन चाखायला शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग असतो. मळेवालेच वाइन करतात आणि वर्गही घेतात. बालाजीनं दोघांची नावं घालून टाकली. "न बघता न्हाई म्हणू नको. बघून म्हण." हे मला पटलं. माझी बायको सुमन हिला पटलं नाही. "दारू शिकायला जायलाव, आन् डबा मी बांधू?" असं विचारून तिनं डबा बांधला.

सकाळच्या बसनं भालकी, तिथं बस बदलून बिदर. कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट नाही, त्यामुळं पुरुषांनी उभं राहायची तयारी ठेवावी. भालकीच्या स्टँडबाहेर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी चांगली मिळतात. बिदरहून औरादकडे जाणारी कोणतीही बस जनवाड्याला सोडते, पुढं रिक्षा. माती लाल होत जाते तसं समजावं की मळा जवळ आला. वर्गाच्या फीत दोन्ही दुपारचं जेवण धरलेलं असतं, राहणं नसतं. आम्ही बिदरच्या स्टँडजवळ लॉज घेतला. स्वच्छ होता. गरम पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, हे मात्र ते सकाळ उलटून गेल्यावर सांगतात.

वर्गात दहा-बारा जण होतो. शिकवणाऱ्या केतकी मॅडम नाशिककडच्या, वयानं लहान, बोलायला नीट. पहिला दिवस रंगाचा आणि वासाचा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा, रंग बघायचा, मग ग्लास फिरवून त्यात नाक घालायचं. दोघांत एक ग्लास होता. माझ्या जोडीला निंबर्ग्याचे मल्लप्पा आले होते, घरी कन्नड बोलणारे, साठीचे. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"अक्का," ते मॅडमना म्हणाले, "ह्यात मी नाक घातल्यावर ह्यांनी कसं प्यायचं?"

मॅडमनी थोडा विचार केला आणि प्रत्येकाला वेगळा ग्लास दिला. मग वास यायला लागले. पुस्तकात ज्या फळांचे वास लिहिले होते त्यातली बरीच आम्ही पाहिलेली नव्हती. मल्लप्पांना भिजवलेल्या चिंचेचा वास आला, मला पिकल्या कवठाचा. मॅडमनी दोन्ही वास फळ्यावर लिहून घेतले.

संध्याकाळी मी पापनाशच्या महादेवाला गेलो. बिदरला मुक्काम असला की जातोच. त्या दिवसाशी त्याचा संबंध जोडू नये.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण आली. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि समोरच्या स्टीलच्या बादलीत थुंकायचा. मॅडमनी स्वतः करून दाखवलं. आम्ही खाली बघितलं. घेतलेला घास थुंकायचा नाही, तोही चार माणसांत, तोही घागरीसारख्या स्वच्छ भांड्यात, हे आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवलेलं असतं. मल्लप्पांनी सवयीनं ग्लास वरून तोंडात ओतला, थोडी वाइन सदऱ्यावर सांडली, उरलेली गिळली. बाकीच्यांनीही गिळली. बादली माझ्यापुढं आली तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. गिळलं तर माळ, थुंकलं तर अन्न. बोलताही येईना.

मी उठून बाहेर गेलो. बांधावर, वेलींच्या कडेला, जेवणानंतर टाकतो तशी चूळ टाकली. नळाचं पाणी घेऊन आणखी दोनदा भरली. चूळ भरण्यात काही वावगं नाही; ती आपण रोजच भरतो.

बालाजी मागोमाग आला. "रागावून आलास का?"

"चूळ भरायलो."

आत येऊन मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही. त्यानंतर प्रत्येक घोटाला सगळा वर्ग गाल फुगवून एका ओळीत बांधावर जायचा आणि परत यायचा. शिकायला वेळ लागला, पण कुणी झिंगलं नाही.

अशाच एका खेपेला बालाजी हळूच म्हणाला, "आण्णा, इतकी वर्सं आपण ऊस घालायलाव कारखान्याला. मळीचं काय करतेत, इचारलास का कधी?"

"न्हाई."

"कामून?"

मळीची दारू होते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी पुन्हा तोंडात पाणी घेतलं, म्हणजे लगेच उत्तर द्यायला नको.

शेवटी लाल वाइन आली. जांभळाची बी चावल्यावर जीभ आखडते तसा तुरटपणा, आणि मागून सावकाश येणारी गोडी. मला आवडली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाचून जाणाऱ्याला खरं कळावं. बालाजीनं तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय."

"मग लावायलास कामून?"

"पिकवायचीय, प्यायची न्हाई. तूर तरी कुठं आवडती मला?"

निघताना मॅडमनी वेलीवरचा घड तोडून दिला. मणी बारीक, काळे, साल जाड, आत बिया. पण साखरेसारखे गोड. आमच्याकडे शेतातलं नवं पीक आधी देवापुढं जातं. हे द्राक्ष जाऊ शकलं असतं. ऊसही दरवर्षी जातो, आणि त्याचं पुढं काय होतं हे देवाला मी कधी सांगितलेलं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी होतो. भालकीला बस बदलली. हुलसूर दिसायला लागलं तेव्हा मी म्हणालो, "लाव."

"वहिनीला कोण सांगणार?"

"तू."

सुमननं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "पिलाव का?"

"चूळ भरली."

"दोन दिवस?"

"एकच. पहिल्या दिवशी वास होता."

तिनं माळेकडे पाहिलं आणि ताट वाढलं. चव अजून आठवते. पूजेला बसलो की ती आपोआप आठवते, आणि मी ती लपवत नाही. लपवायची तरी कुठं.

ऊस तुटून गेल्यावर राहिलेला बुडख्यांचा खोडवा मोडला आणि दोघं भाऊ ओळी आखायला दोरी घेऊन शेतात गेलो. एक टोक त्यानं धरलं, एक मी. दोरी तर यंदा टाकावी लागणारच होती. वाटणीची असती, तर मधोमध एकच रेघ मारून घरी आलो असतो. द्राक्षाच्या ओळी फार असतात. संध्याकाळपर्यंत निम्म्याही झाल्या नाहीत.