हात मागे

इंदूअक्का वर्गात कायम हात पाठीमागे बांधून उभ्या असत. पहिल्या भेटीत मला वाटलं, बाईंना ताठा भारी दिसतोय. माझी मुक्ता चपलेच्या बंदाशी झगडत होती आणि या शेजारी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मुक्ताला डाउन सिंड्रोम आहे. विशी ओलांडली तरी तिच्या चपलेचा बंद मीच लावायचे. सवयीनं मी खाली वाकले, तशा अक्का म्हणाल्या, "हात मागे." मला वाटलं, मुक्ताला सांगतायत. "तुम्हालाच म्हणते मी, मुक्ताची आई. स्वल्प थांबा की."

तो बंद लागेपर्यंत मला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं. लागल्यावर अक्का म्हणाल्या, "सरी." ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या तोंडून शाब्बास असं कधी कुणी ऐकलं नाही. "शाब्बास बारक्या मुलांना म्हणायचं," त्या सांगत. "ही मोठी माणसं आहेत. तुम्ही चप्पल घातली की तुम्हाला कोण शाब्बास म्हणतं?"

अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं विरघळलेलं असे. तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागे, एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा वर्ग भरे. गॅस पेटवणं, कणीक मळणं, कपडे वाळत घालणं, बस पकडणं, असला अभ्यासक्रम. हात बांधण्याचं कारण मी एकदा विचारलं. "माझे हात फार चळवळे आहेत हो. मोकळे सोडले की दुसऱ्यांची कामं करून टाकतात."

आणि जो प्रश्न आमच्यासारखे आईबाप एकमेकांनाही विचारत नाहीत, तो मी एकदा त्यांना विचारला. आमच्यानंतर हिचं कसं होणार? अक्कांनी धीरबीर काही दिला नाही. "तुमच्यानंतरचं तुमच्यादेखतच शिकवायला पाहिजे. नंतर कोण शिकवणार तिला?" मला राग आला. घरी येऊन भाजी चिरताना तो गेला, कारण त्या खोटं काही बोलल्या नव्हत्या.

त्यांची परीक्षा संक्रांतीला असे. प्रत्येकानं स्वतः तिळगूळ करायचा आणि एकट्यानं बसनं यशवंतपूरला अक्कांच्या घरी आणायचा. मुक्ताची पाळी आली तेव्हा अक्कांनी मला आधीच स्वतःकडे बोलावून घेतलं. रिक्षानं मी बसच्या मागे मागे फिरेन, हे त्यांनी ओळखलं होतं!

आमच्या घरून, इंदिरानगरहून निघायचं, शिवाजीनगरला बस बदलायची. यायची वेळ झाली, मुक्ता आली नाही. फोन लावला तर वाजत राहिला. मी पर्स उचलली.

"बसा."

"अहो अक्का, ती हरवली असेल!"

"हरवली कशाला? उशीर झालाय तिला. तुम्हाला होत नाही?" आवाज खणखणीत होता, पण मागे बांधलेल्या हातांची बोटं पांढरी पडली होती. ती दिसली म्हणूनच मी बसले. भीती त्यांनाही वाटत होती आणि तरीही त्या जागच्या हलत नव्हत्या.

शेवटी फाटक वाजलं. मुक्ता घामाघूम, केस विस्कटलेले, हातात डबा. "मी चुकून आधीच उतरले," ती म्हणाली. "मग विचारत विचारत आले."

अक्कांनी डबा उघडला. आत एकच लाडू!

"बाकीचे कुठं गं?"

"फुलवाल्या अक्कांना दिला. पोलिसांना दिला. कंडक्टरना पण. त्यांनी रस्ता सांगितला ना. आज तिळगूळ द्यायचा असतो."

उरलेला लाडू इतका कडक होता की अक्कांनी तो खलबत्त्यात घालून फोडला. एक तुकडा तोंडात टाकून, बराच वेळ चघळून, त्या म्हणाल्या, "सरी." मग लगबगीनं आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते.

पुढे मुक्ता एका बेकरीत पाव बांधायच्या कामाला लागली, बसनं एकटी जाऊ-येऊ लागली. आणि अक्कांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वर्ग बंद पडला. मी हळहळत राहिले. मुक्तानं मात्र संक्रांतीला लाडू केले, आता चांगले मऊ होतात तिचे, आणि म्हणाली, "आई, चल. मी नेते तुला." बस तिनंच ओळखली, मी मागून चढले.

अक्का खुर्चीत बसल्या होत्या. जीभ जड झालेली. त्यांची भाची लाडूचा तुकडा मोडून त्यांना भरवायला गेली, तशी अक्कांनी मान फिरवली.

"हात मागे," मुक्ता म्हणाली.

भाची गोंधळून माझ्याकडे बघू लागली. "तुम्हालाच म्हणतेय ती," मी म्हटलं. "स्वल्प थांबा." आणि मीही माझे हात मागे घेतले.

अक्कांचा डावा हात बशीकडे सरकला. तुकडा उचलला, पडला. पुन्हा उचलला, मांडीवर सांडला. त्यांच्या कपाळावर घाम आला. भाचीला बघवेना, तिनं तोंड वळवलं. माझे हात शिवशिवत होते. मी ते एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. मुक्ता मात्र शांत उभी होती. घाई करायची नसते, हे तिला माहीत होतं.

तुकडा तोंडापर्यंत पोचला. अक्कांनी तो सावकाश चावला, गिळला आणि मुक्ताकडे पाहिलं.

"सरी," मुक्ता म्हणाली.