डाव्या आट्यांचे नाना

नानांशी पहिल्यांदा हात मिळवणाऱ्याची फजिती ठरलेली. त्याने उजवा हात पुढे केला, की नाना डावा पुढे करायचे. अंगठे भलतीकडे, बोटं भलतीकडे, हात काही एकमेकांत बसायचे नाहीत. मग नाना मिशीत हसून विचारायचे, "बसतंय का? न्हाई ना? मग बदला की!" समोरचा मुकाट्याने हात बदलायचा. नानांनी स्वतःचा हात कधी बदलला नाही.

कासारवाडी स्टेशनजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि कायम तेलकट असलेलं एक स्टूल. नाना तिथलेच, जुन्या गावातले. शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर भाऊ भाड्यावर खुशाल बसून खाऊ लागले, हे मात्र लेथ सोडेनात. ग्राइंडरच्या डाव्या चाकाला उलट्या, म्हणजे डाव्या आट्यांचा नट लागतो, नाहीतर चाक फिरता फिरता सैल होतं. असे नट करण्यात नानांचा हातखंडा. त्यातून स्वतः डावखुरे, त्यामुळे सगळीकडे 'डावे नाना' हेच नाव झालं.

मी तेव्हा पीएचडी करत होते आणि प्रयोगाचे सुटे भाग त्यांच्याकडून बनवून घेत होते. पहिल्या दिवसापासून ते मला डाक्टर म्हणायचे. "अजून झाले नाही हो नाना," म्हटलं की म्हणायचे, "व्हशील की. मी खोटं न्हाई बोलत, जरा आगाऊ बोलतोय."

कशासाठी लागतंय हे कळल्याशिवाय नाना काम घेत नसत. म्हणून मी त्यांना सगळं समजावलं. काही रेणू जोडीने असतात, डाव्या-उजव्या चपलेसारखे, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. वजन तेच, अणू तेच. पण त्यातला एक औषध ठरतो आणि दुसरा निरुपयोगी, क्वचित घातकसुद्धा. त्यांच्यावर प्रकाशाच्याच जातीच्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींचे तीन झोत मोजूनमापून सोडायचे. तिन्हींची कंपनं एकमेकांशी काटकोनात, तीन वेगळ्या दिशांना हवीत. सगळं जुळलं की डावा रेणू ऊर्जेची एक पायरी चढतो आणि उजवा खालीच राहतो. नानांनी मान डोलावली. "म्हंजी माझंच काम करतीस की! फकस्त बारीक."

ते बारीक काम मात्र काही जमेना. उन्हाळ्यात यंत्र साफ करून पुन्हा जोडलं, तेव्हापासून पडद्यावर डावा आणि उजवा अगदी सारखेच दिसत होते. सरांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर विषय बदल. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. त्या दिवशी मी रडवेलं तोंड घेऊन नानांकडे गेले. तिथे वेगळाच गोंधळ. कोणीतरी डाव्या आणि उजव्या नटांच्या दोन्ही पेट्या एकाच पिंपात ओतल्या होत्या.

"बस, निवड," नाना म्हणाले. मी शिकलेली बाई, काटा आणि व्हर्नियर घेऊन बसले. सगळ्यांचं वजन एक, माप एक. नाना पोट धरून हसले. मग त्यांनी डाव्या आट्यांचा बोल्ट पकडीत आवळला आणि एकेक नट त्याला लावत गेले. डावा सरसर चढायचा, उजवा तोंडाशीच अडायचा. "हात वळखायचा तर हातच लागतो, डाक्टर."

"माझ्या बोल्टवर सगळेच सारखे चढतात, नाना."

त्यांनी डावी मूठ वळून अंगठा उभा केला. "ही बोटं, फिरायची दिशा. हा अंगठा, म्होरं जायची. आता अंगठा बोटांच्या रांगेतच निजवला, तर डावं का उजवं, कसं सांगशील?"

मी उठलेच. तिसऱ्या झोताच्या कंपनांची दिशा ठरवणारा ब्रॅकेट नानांनी बनवला होता, बसवला होता मी. प्रयोगशाळेत जाऊन पाहते तो पाव वळसा फिरलेला! तिसरी दिशा दुसऱ्या दिशेतच निजली होती. हे गणित मला तोंडपाठ होतं, मी ते ज्युनिअरना शिकवतही होते. पण दिव्याखाली अंधार. ब्रॅकेट सरळ केला आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर दोन रेषा वेगळ्या झाल्या. मी लगेच नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "त्यात नवीन काय? मी कवाच बोललो व्हतो."

पदवी मिळाली आणि मी नोकरीसाठी परगावी गेले. गेल्या हिवाळ्यात कळलं, नानांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मला ते पटेचना. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्याच बाजूला होतं.

मी त्यांना भेटायला सांगवीला त्यांच्या मुलीकडे गेले. नाना खुर्चीत बसले होते. मला पाहून चेहरा खुलला. "या, डाक्टर." सवयीने मी डावा हात पुढे केला आणि त्यांचा डावा हात मांडीवर निपचित पडलेला दिसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांनी सावकाश उजवा हात उचलला आणि माझ्या डाव्या हातात घातला. अंगठे भलतीकडे, बोटं भलतीकडे.

"बसतंय का?" शब्द जड झाले होते, पण मिशी हसत होती. "न्हाई ना? मग बदल की!"

मी हात बदलला. पकड लेथवाल्याचीच होती.