प्रल्हादभाऊंचा आवाज

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही प्रल्हादभाऊंना ओळखत नाही म्हणून.

मी नागपुरात सिनेमे करते. म्हणजे — एकच केलाय. त्याआधी बरीच वर्षं नाटक, आणि नाटक मला प्रल्हादभाऊंनी शिकवलं. खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरी करता करता कॉलनीतलं नाटक मंडळ चालवणारा माणूस. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू जायचा. स्टेजवर उभं कसं राहायचं, गप्प कसं राहायचं, सगळं त्यांचंच. सिनेमातला बाप मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला होता. त्यांनाही ते माहीत होतं.

पैसे लावणारे लकडगंजचे एक लाकूड व्यापारी. शूटिंगच्या आधीची सगळी तयारी एआयवर करा, हा त्यांचा आग्रह. मी केली. खरं सांगू? आवडलं मला. पटकथा दिली की दृश्यं सुटी होऊन यायची, शूटिंगचं वेळापत्रक लागायचं, शॉटची चित्रंसुद्धा मिळायची. ऑडिशनचे व्हिडिओ टाकले की कोणता नट कोणत्या भूमिकेला शोभेल, तेही सांगायचं.

मग पटकथेचं वाचन झालं. सगळे नट, कॅमेरामन बसलेले. बापाचा एक प्रसंग मी समजावत होते, तेव्हा प्रल्हादभाऊंनी मला मध्येच थांबवलं.

"असं नाही वं पोरी. बाप इथं बोलतच नाही."

बरोबर होतं त्यांचं. पण त्यानंतर मी काहीही बोलले की प्रत्येक जण आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा. सेटवरही असंच चालणार? — एवढंच माझ्या मनात आलं. राग नव्हता. राग असता तर निदान काहीतरी होतं, असं म्हणता आलं असतं. नाही का?

मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी पोहे केले. खाता खाता मी म्हटलं, "भाऊ, एआयनं तुमचं नाव नाही सुचवलं. शेटजी त्याच्या पुढे कोणाचं ऐकत नाहीत."

ते चिडले नाहीत. चिडणार तरी कोणावर — यंत्रावर? म्हणाले, "मंग त्याले विचारून पाह्य ना वं, माह्यात का कमी हाय. मी सुधरवून घेतो."

कमी काहीच नव्हतं. बापाच्या भूमिकेसाठी एआयनं सगळ्यांत वर त्यांनाच ठेवलं होतं. काढलं ते मी.

तिथंच थांबले असते तर एका खोट्यावर भागलं असतं. पण त्यांचे फोन यायला लागले — विचारलं का वं? शेवटी मी खरंच बसले आणि त्याच एआयला सांगितलं, या नटाला न घेण्याची कारणं लिहून दे, जरा सौम्य भाषेत. ते लिहितं. मागाल ते लिहितं. आवाज कॅमेऱ्यासाठी फार मोठा. बोलणं नाटकी. मी ते फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून ते "हो... हो" म्हणत होते. माझा आवाज कुठेच अडखळला नाही. वाचून झालं आणि मी भाजी फोडणीला टाकली.

सिनेमा झाला. बापाचं काम दुसऱ्या नटानं केलं. ठीक केलं.

नंतर कामठीला मंडळाचा प्रयोग होता, मी गेले. पहिल्या प्रवेशापासून प्रल्हादभाऊ हळू बोलत होते — कॅमेऱ्यासमोर बोलतात तसं. मागून लोक ओरडले, "आवाऽज!" ते क्षणभर थांबले. पुन्हा तसंच, हळू. समोरचा नट गोंधळला, त्याला त्यांची वाक्यं ऐकू येईनात. मागच्या रांगा उठून जायला लागल्या. वाईट वाटायला हवं होतं ना मला? मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. बस, तेवढंच.

प्रयोगानंतर ते एकटेच रंग पुसत बसले होते. मला पाहून हसले. "लोकाईले नाही समजत. तू सांग, आता बरोबर जमून राह्यलं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"हो भाऊ," मी म्हटलं. "आता बरोबर."

त्यानंतर मंडळानं त्यांना मोठं काम दिलं नाही. मग त्यांनीच जाणं सोडलं.

परवा वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, "घरी बी हळूच बोलतात वं हे आता. मले तर ऐकूच येत नाही. घशाच्या डॉक्टरले दाखवून आणलं."

मी विचारलं, काय निघालं?

काही नाही, म्हणाल्या.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.