एल्फांच्या सरदाराचा बाप

एल्फांच्या एका सरदाराचा बाप कोण, हे त्याच्या लेखकालाच मरेपर्यंत ठरवता आलं नाही. त्यावरून साउथहॅम्प्टनमधली दहा-बारा शहाणी माणसं वर्षानुवर्षं भांडत होती. त्यांतला एक माझा दादा.

कादंबरी इंग्रजी, उशीएवढी जाड; एल्फ म्हणजे तिच्यातले टोकदार कानांचे, माणसांहून जुने लोक. हा सरदार तिच्यात मधेच उगवतो. डोंगरातली एक खिंड राखतो, पळून आलेल्यांना वाट देतो आणि त्याच खिंडीत मरतो. आईबापाचा उल्लेख नाही. लेखक गेल्यावर त्याचे कच्चे खर्डे छापले गेले आणि घोळ वाढला. एका खर्ड्यात तो उत्तरेच्या राजाचा मुलगा, रुसून घर सोडलेला. दुसऱ्यात राजाच्या बहिणीचा. तिसऱ्यात एका धनगरणीला बर्फात सापडलेलं मूल, कुणाचं ते कळलंच नाही.

दादा बंदरातल्या कंटेनर कंपनीच्या ऑफिसात होता. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ही मंडळी एका पबच्या वरच्या खोलीत जमायची. वर्षातून एकदा गमतीने हात वर करून मतदान: सरदार कुणाचा? दादाचा हात कायम धनगरणीच्या बाजूने. बहुतेक वेळा एकटाच.

नागपूरच्या एका संस्थेतून आईबाबांनी दादाला आणलं तेव्हा तो रांगतही नव्हता. नंतर ते इंग्लंडात, लंडनच्या हाउन्सलोला आले, मग मी झाले. आमच्या घरात हे गुपित कधीच नव्हतं. गुपित ठेवायचं असतं, हे आम्हाला लोकांनी शिकवलं.

त्या पबमध्येच त्याला ती भेटली. पुण्याची, वर्क व्हिसावर आलेली, बँकेत कामाला. ती राजाच्या पक्षाची. रविवारी कधी मी गेले की त्यांचं भांडण ऐकायला मजा यायची.

"राजासारखा वागतो ना? मग राजाचाच," ती म्हणायची.

"तू त्याचं बर्थ सर्टिफिकेटच मागशील," दादा म्हणायचा.

"मागणारच. उद्या माझ्या बाबांना काय दाखवू?"

सगळे हसायचे. मीही हसायचे.

दोन वर्षांनी तिचे आईवडील पुण्याहून आले आणि वेम्बलीला तिच्या मामांकडे उतरले. आम्हाला जेवायला बोलावणं आलं. ट्यूबच्या गाडीत आई दादाला समजावत होती की विचारलं तर आपलं गोत्र सांग, पुढचं आम्ही सावकाश बघू. दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

श्रीखंड-पुरी होती. तिच्या वडिलांनी गोत्र विचारलं, बाबांनी सांगितलं, कुलदैवतही सांगितलं. विषय तिथे मिटत होता. दादाने वाटी खाली ठेवली.

"काका, गोत्र बाबांचं, म्हणजे माझंही तेच. पण मी दत्तक आहे. जन्माचं काही माहीत नाही."

ती ताटाकडे बघत होती. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. घरी तिने सांगितलं नव्हतं. मामी पुऱ्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"तसं आमचं काही नाही हो," तिचे वडील म्हणाले. "पण मूळचे कोण, याची काही कल्पना? संस्थेत कळलं असेल ना काहीतरी?"

"नाही."

"बरं, बरं. श्रीखंड घ्या ना."

मी इथे स्पष्ट लिहिते, कारण त्या दिवशी आईने टेबलाखालून माझा हात दाबून धरला होता. यांना गोत्राशी काहीही देणंघेणं नव्हतं. शास्त्र काढायचं तर दत्तक मुलाला दत्तक घेणाऱ्या बापाचंच गोत्र लागतं, हे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांना विचारायची होती जात. ती सरळ विचारायला लाज वाटते, म्हणून "मूळचे कोण". या देशात आम्हाला कुणी "नाही, पण तू खरी कुठली?" विचारलं की हीच माणसं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तासभर चिडून बोलतात. आणि एलिंग रोडवरून भाजी आणून, घरात बसून, तोच प्रश्न आपल्या मुलांना विचारतात.

आठवड्याभरात, दादा आमच्याकडे हाउन्सलोला आलेला असताना, तिचा फोन आला. दादा जिन्यात बसून बोलला. बोलला म्हणजे ऐकत होता. ती रडत होती, हे मला वरून कळत होतं. बाबांना तोडणं मला जमणार नाही, असं ती म्हणाली. एवढंच त्याने नंतर आम्हाला सांगितलं. पुढच्या रविवारपासून ती पबमध्ये आली नाही.

मी तेव्हा विमानतळाजवळच्या, व्हिसा नसलेल्यांना डांबून ठेवणाऱ्या डिटेन्शन सेंटरबाहेर पत्रकं वाटायचे. एक पान, एक मागणी, मोठा टाइप, एवढं मला येत होतं. त्या रात्रीच "मूळचे कोण" या प्रश्नावर मजकूर तयार केला. मंडळाच्या गणपतीत दारात उभी राहून वाटणार होते. दादाने तो वाचला, घडी घातली, खिशात टाकला.

"चांगलं लिहिलंयस. वाटू नकोस."

मी नाही वाटलं.

त्या वर्षीच्या मतदानाला मी त्याच्याबरोबर गेले, एकटा जाऊ नये म्हणून. अध्यक्ष एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. राजाचा मुलगा कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं आणि दादाचा हात वर गेला. खोलीत हशा झाला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं अडून बसलेला गडी फुटला म्हणून त्याला बिअर पाजली. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा पुरावे पुन्हा वाचले, असं काहीतरी तो म्हणाला. पुरावा नवा कुठलाच नव्हता.

परत येताना गाडीत मी भांडले. तू हरलास, म्हणाले. तिच्या आईवडिलांना हेच हवं होतं, म्हणाले. मोटरवेवर पाऊस लागला होता. त्याने वायपरचा वेग वाढवला.

"सापडलेलं मूल म्हणून पुस्तकात छान वाटतं गं," तो म्हणाला. "खिंडीत एकटं उभं राहायचं असेल तर. मला घरी जेवायला यायचं होतं."

पुढे लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी. या वेळी बाबांनी गोत्र सांगितलं, दादाने मान डोलावली, आणि बैठक झकास पार पडली. वहिनी चांगली आहे. तिला सगळं माहीत आहे. तिच्या आईवडिलांना नाही.

मग त्यांना मुलगी झाली. आम्ही सगळे साउथहॅम्प्टनला गेलो. वहिनीची आई बाळाला मांडीवर घेऊन नाकडोळे वाटून देत होती: डोळे आमच्या हिचे, हनुवटी आजोबांची. नाकाशी येऊन अडली. ते पसरट, टोकाला किंचित वर वळलेलं नाक खोलीत आणखी एकाच माणसाला होतं. दादाला. आपल्यासारखा दिसणारा चेहरा त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता, आणि सकाळपासून तो त्याच्याकडे चोरून बघत होता.

"नाक कुणाचं हो हे?" त्यांनी दादाला विचारलं. "तुमचंच दिसतंय. पण तुमच्याकडे ते आलं कुणाकडून?"

"बाबांकडून," दादा म्हणाला.

बाबांचं नाक सरळ, धारदार, लांबून कळणारं. सगळे त्यांच्याकडे वळले. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि डोळ्यांवर न चढवताच म्हणाले, "हो, तरुणपणी असंच होतं माझं."