अडीचची रेघ

माझ्या पहिल्या बिअरच्या सहा बाटल्या कोल्हारच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, एकामागून एक फुटल्या. आई शेजारीच भाकरी थापत होती. काच कुणाला लागली नाही, पण आईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं म्हणून मी पुण्याहून आले होते आणि मोबाईलवर बघून हा उद्योग मांडला होता. बुडबुडे थांबले की बिअर झाली, एवढंच माझं शास्त्र.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारूच्या थेंबालाही न शिवणारे. पण हयात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेलेली. त्यांनी काचा गोळा करता करता विचारलं, "भरताना ब्रिक्स किती हुतं?"

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आणि ते मी घेतलंच नव्हतं.

"मोजलंच न्हाई? मग फुटंल न्हाई तर काय. आत साखर शिल्लक हाय, ती आंबतीया, गॅस जाईल कुटं?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी माळ्यावरून आपला हायड्रोमीटर काढला. निवृत्त होताना लॅबमधल्या मंडळींनी शाल-नारळाबरोबर दिलेली ती काचेची नळी, बुडाशी छर्रे, वर बारीक आकडे. गोड रसात ती उंच तरंगते, साखर संपत जाईल तशी खाली बुडत जाते. पहिल्या दिवशी बारा आला. "उतरत उतरत कुटंतरी थांबंल," आप्पा म्हणाले. "तीन दिवस तोच आकडा आला की झाली. एका दिवसाच्या आकड्याला कुनी इचारत न्हाई."

आप्पांच्या आकड्याला कारखान्यात मान होता. एकदा साहेबांनी उसातल्या साखरेचा उतारा कागदावर जरा चढवून दाखवायला सांगितला, तर हे म्हणाले होते, "हात माजा हाय, आकडा नळीचा हाय." शिक्षा म्हणून तीन महिने लॅब सोडून वजनकाट्यावर उभे राहिले, पण बधले नाहीत. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की आई मध्येच पातेली वाजवायची.

थंडीचे दिवस होते. रस्त्यानं उसाच्या गाड्या जायच्या आणि सकाळचा वारा प्रवरेवरून थेट अंगणात यायचा. मी आंबायला ठेवलेल्या पिंपातून भांडंभर बिअर काढून आणायची. आप्पा ती चहा निववतात तशी दोन तांब्यांत वरखाली करायचे, कारण गॅसचे बुडबुडे नळीला चिकटले तर ती उगाच वर उचलली जाते. मग उंच काचेच्या भांड्यात ओतून ते भांडं उन्हात ठेवायचे. कारखान्याची नळी साडेसत्तावीस डिग्रीला खरं बोलते, आणि आमची बिअर अठराच्या आसपास असायची. भांड्यातल्या थर्मामीटरचा पारा चढेपर्यंत आम्ही दोघं अंगणात पाठ शेकत बसायचो. शाळेत असताना आप्पा कायम पाळीवर, नंतर मी पुण्यात. इतकं सलग आम्ही कधी बोललोच नव्हतो. त्यांना लहानपणी नाटकात काम करायचं होतं, हे मला तिथं कळलं.

पारा आला की ते नळीला हलकी गिरकी द्यायचे, चष्मा कपाळावर सारून डोळा रेघेच्या समोर आणायचे. वाचायचं काम त्यांचंच. आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे, आणि मी त्या वाकलेल्या म्हाताऱ्याचा रोज एक फोटो काढायची.

तेवढ्यात ऑफिसनं परत बोलावलं. बाटल्या भरल्या की निघायचं, असं मी ठरवलं. आणि नेमका आकडा थांबेना. दोन पूर्णांक नऊ, मग आठ, मग सात. "उद्या बगू," आप्पा म्हणायचे. पाचव्या दिवशी मी चिडून म्हणाले, "आप्पा, माझी नोकरी जाईल या नळीपायी." त्यांनी नळी पुसून ठेवली. त्याच दुपारी मॅनेजरचा फोन आला आणि मी ओसरीवर उभी राहून गयावया केली. दुसऱ्या दिवशी आप्पा वाकले, बघितलं आणि म्हणाले, "अडीच. झाली. भर बाटल्या."

"तीन दिवस सारखा यायला पाहिजे ना?"

"म्या सांगतोय ना. भर."

गाडीत त्या बाटल्या मांडीवर घेऊन मी पुण्यापर्यंत जीव मुठीत धरून बसले. एकही फुटली नाही.

आप्पांना जाऊन आता वर्ष झालं. परवा आईचं फडताळ आवरताना मसाल्याच्या डब्यांखाली त्या कॅलेंडरचं पान अंथरलेलं सापडलं. आप्पांच्या किरट्या अक्षरात नऊ, आठ, सात उतरत गेलेले. सहज म्हणून मी मोबाईलमधले जुने फोटो काढले आणि नळीपाशी मोठे करून बघितले. शेवटच्या सहाही सकाळी बिअर एकाच रेघेवर उभी होती. अडीचच्या.

साहेबांसाठी न हललेला हात, मी अजून चार दिवस थांबावं म्हणून हलला होता, आणि त्या सकाळी मी घड्याळाकडे बघत बसले होते. मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. आईनं विचारलं, काय एवढं आहे त्यात.