पंगतीतला बेडूक

लातूरला त्या दुष्काळात नळाला पंधरवड्यानं पाणी यायचं, आणि मी मात्र माशांच्या टाकीत पाण्यातच राहणारे दोन चिमुकले बेडूक आणून सोडले होते. ते वाळत चालले. मी मूठमूठ खाद्य टाकायचो. मासे तेवढे गरगरीत झाले. शेवटी, "आजारी बेडूक विकलेत," असं भांडून दुकानदाराला घरीच ओढून आणलं.

तो किडकिडीत माणूस टाकीपुढं मांडी घालून बसला. "साहेब, ह्याला नीट दिसत न्हाई. वास घेत येतो, तोवर मासे पंगत उरकतेत. लाजऱ्या पाव्हण्याला पुढ्यात जाऊन वाढावं लागतंय."

त्यानं चिमट्यात अळी पकडून बेडकाच्या नाकापुढं धरली. हात जराही हलला नाही. बऱ्याच वेळानं बेडकानं ती गिळली. "घे, जेव बाबा," तो हळूच म्हणाला.

बेडूक जगले. पुढं एका लग्नात मी वाढत होतो. पंगतीच्या टोकाला तोच दुकानदार बसलेला. पत्रावळ रिकामी, तरी वाढप्याला हाक मारत नव्हता. मी लाडूंची परात घेऊन त्याच्यापुढं उकिडवा बसलो. "घ्या, जेवा बाबा."

"साहेब, मला दिसतंय की नीट!" तो हसला. पण लाडू दोन घेतले.